अंधेरी आली, भूत राहिलं

लोकलच्या बायकांच्या डब्यात माणसाला नाव नसतं, स्टेशन असतं. "कुठे उतरणार?" हाच तिथला रामराम. उत्तर सोयीचं निघालं की ती बाई पुढची वीस वर्षं तुमच्या गुडघ्याला गुडघा लावून उभी राहते. तुमच्या मुलीच्या दहावीच्या टक्क्यांपासून सासूबाईंच्या मोतीबिंदूपर्यंत सगळं तिला पाठ होतं. तिचं आडनाव मात्र विचाराल तर सांगता येणार नाही. आमच्या सकाळच्या बोरिवली-चर्चगेट स्लोच्या सेकंड क्लासात अशी एक अंधेरीवाली आहे, एक वांद्रेवाली आहे, एक दादरवाली आहे. मी चर्चगेट. चर्चगेटला उतरणाऱ्या अजून एक आहेत, पण त्यांना सगळ्या मावशी म्हणतात. त्या मूळच्या वेंगुर्ल्याकडच्या, राहतात दहिसरला, बसायला मिळावं म्हणून बोरिवलीला येऊन गाडी पकडतात. त्यांना स्टेशनाच्या नावाने हाक मारायची आमच्यात कोणाची छाती नाही.

२२ फेब्रुवारी २०१६ च्या सोमवारी रात्री साडेदहाला झी मराठीवर 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली आणि मंगळवारी सकाळी आमच्या डब्याचा कायापालट झाला. एरवी कांदिवली येईपर्यंत निम्म्या जणी डोळे मिटून असतात, निम्म्या स्तोत्रं पुटपुटतात, आणि एखादी केसांतलं पाणी पुढचीच्या मानेवर झटकत असते. त्या दिवशी गाडी हलायच्या आधीच मावशींनी पर्स मांडीवर आपटली आणि विचारलं, "काय गो, काल बघलंस?"

काय बघितलं, कुठे बघितलं, हे विचारायची गरज कोणालाच पडली नाही.

ज्यांनी ती मालिका बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. (असे लोक असतात. माझ्या नवऱ्याचा दावा आहे की तो त्यांपैकी एक आहे. त्याच्याकडे नंतर येते.) सिंधुदुर्गातलं एक मोठं जुनं घर, नाईकांचं. घरातले कर्ते अण्णा जातात. मुंबईची आणि गावची सगळी पाखरं एका छपराखाली जमतात. थोरला दत्ता आणि त्याची सरिता, मुंबईकर माधव आणि त्याची विज्ञान मानणारी नीलिमा, लग्नाला आलेला अभिराम, त्याची देविका, बहीण छाया, आणि या सगळ्यांना सांभाळणाऱ्या माई. मग रात्री दारं वाजू लागतात. चित्रीकरण सावंतवाडीजवळच्या आकेरीतल्या खऱ्याखुऱ्या घरात होत असल्यामुळे अंधारही खरा वाटायचा. स्टुडिओतला अंधार निळा असतो. हा कौलांखालचा होता.

तर आमची चर्चा. तिचं वेळापत्रक पश्चिम रेल्वेने ठरवलेलं होतं. बोरिवली ते कांदिवली: काल काय झालं. कांदिवली ते मालाड: ज्यांना साडेदहाला झोप लागली त्यांच्यासाठी पुन्हा एकदा, काल काय झालं. मालाड ते गोरेगाव: हे कोणी केलं. गोरेगाव ते जोगेश्वरी: छे, ती कशी करेल. आणि जोगेश्वरी सुटली की मावशी आवाज खाली आणून "आता माझां ऐका" असं म्हणायच्या आणि नेमकी त्याच वेळी "पुढील स्टेशन अंधेरी" व्हायचं.

अंधेरीवालीचं दुःख तुम्हाला कळायला हवं. अंधेरीला उतरायचं म्हणजे जोगेश्वरीलाच उठून दाराच्या गर्दीत शिरावं लागतं. तिथून बोलणं ऐकू येत नाही, नुसत्या माना हलताना दिसतात. शिवाय एकदा दारात पोचलेली बाई अंधेरीला उतरतेच. तिला वाटलं नाही तरी मागच्या चाळीस जणींना तसं वाटतं. त्यामुळे संबंध पहिलं पर्व, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत, त्या बाईने रोज पंचवीस मिनिटं प्रश्न ऐकले आणि उत्तर एकदाही ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी ती गाडीत शिरतानाच विचारायची, "काल मावशी काय म्हणाल्या?" तर तोवर नवा एपिसोड झालेला असायचा आणि मावशींचं मत बदललेलं असायचं.

लहानपणी, १९८५ च्या सुमारास, दूरदर्शनवर 'विक्रम और बेताल' लागायचं. माझं माहेर घाटकोपरच्या भटवाडीतलं. चाळीत टीव्ही एक आणि आम्ही पोरं तीस. अरुण गोविल विक्रम, सज्जन बेताल. राजा बोलला की बेताल उडाला, हा करार. आम्हाला राजाचा भयंकर राग यायचा. गप्प बसता येत नाही का या माणसाला? पुढे दोनच वर्षांत तोच राजा 'रामायण'मध्ये राम झाला आणि आमच्या आजीने टीव्हीला हार घातला, तरी मी त्याला मनातून माफ केलं नव्हतं. डब्यात बसल्यावर कळलं की भूत खांद्यावर असताना गप्प बसणं किती अवघड असतं ते. रोज कोणी तरी बोलायचं आणि रोज बेताल अंधेरीला उडून जायचा.

आता जी गोष्ट मला महिनाभरात उमगली ती सांगते. पडद्यावर एकच मालिका चालू होती, पण डब्यात पाच चालू होत्या. वांद्रेवालीची जाऊ गावाला राहते आणि सासऱ्यांची पेन्शन तिच्याकडे जाते. वांद्रेवालीचा पहिल्या दिवसापासून सरितेवर संशय. दादरवालीचा धाकटा दीर लग्नानंतर वेगळा निघाला. तिच्या मते हे सगळं देविकेने लग्न जमवल्यापासून सुरू झालं. अंधेरीवाली स्वतः थोरली सून. "दत्ता गरीब आहे हो, त्याला कोणी विचारतच नाही," असं ती इतक्या कळवळून म्हणायची की दत्ता म्हणजे तिचे मिस्टर हे न सांगता कळत होतं. मला नीलिमा आवडायची. का ते मी सांगणार नाही, सासूबाई हे वाचण्याची शक्यता आहे.

मावशींचं मत मात्र पहिल्या आठवड्यापासून ठाम. त्या म्हणाल्या, "ह्यां भूत नाय गो. ही वाटणी आसा."

आम्ही हसलो. तेव्हा हसलो.

आमच्या दादरवालीचा संसार गुजराती. माहेर मराठी असलं तरी सासू गुजराती, त्यामुळे घरचा रिमोट गुजराती. शनिवार-रविवारी त्यांच्याकडे 'नागिन' असायची. एकता कपूरची 'नागिन' नोव्हेंबर २०१५ मध्येच सुरू झालेली, म्हणजे आमच्या अण्णांपेक्षा तीन-चार महिन्यांनी थोरली. सोमवारी सकाळी ती तिकडची बातमी आणायची. पहिल्यांदा आणली तेव्हा मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "साप झाल्यार दागिन्यांचा काय करता ती?" याचं उत्तर दादरवालीकडे नव्हतं. पुढच्या सोमवारी मावशींनी पुन्हा विचारलं. नागिणीचा सूड, मणी, महादेवाचं मंदिर, काही सांगा, मावशींचं मन दागिन्यांवरून हलेना. मला विचाराल तर कोकणी भुताचा आणि हिंदी भुताचा फरक यात सगळा आला. हिंदी भूत सजून येतं. आपलं भूत दोरीवर वाळत घातलेल्या सुती साडीतून येतं, आणि घाबरवतं ते त्या साडीचा काठ ओळखीचा असतो म्हणून.

घरचं दृश्य वेगळं. बोरिवलीतला आमचा फ्लॅट वन बीएचके. म्हणजे बी एकच, आणि तो एच बघत असताना बंद करता येत नाही, कारण मुलगा आत अभ्यास करतो असं आम्ही धरून चाललेलो असतो. साडेदहाच्या आधी सासूबाई एकदा बाथरूमला जाऊन येत, कारण नंतर जाणार नाहीत हे त्यांना ठाऊक असे. मी स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवत असे. विचारलं तर म्हणायची, दूध तापतंय. नवरा मालिका बघत नसे. तो आमच्या मागे उभा राहून सकाळचा पेपर वाचत असे. रात्री साडेदहाला, उभ्याने, अर्ध्या तासात एकही पान न उलटता. मध्येच म्हणायचा, "काय हे! राज्यात कायदा आहे याच्याविरुद्ध." कायदा आहे, खरं आहे. २०१३ चा. त्याचं पूर्ण नाव 'महाराष्ट्र नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा' असं सुरू होऊन पुढे बराच वेळ चालतं. दाभोलकरांनी त्यासाठी आयुष्य वेचलं आणि त्यांचा खून झाल्यावर तो झाला, म्हणून त्याच्या नावाला मी हसत नाही. नवऱ्याला हसते. कारण कायद्याचं नाव पूर्ण म्हणून होण्याआधी त्याने दोनदा विचारलेलं असायचं, "मघाशी ते दार कोणी लावलं?"

सासूबाई कुडाळकडच्या. त्यांना भीती वाटत नसे, त्या दुरुस्त्या करत. "तुळशीकडे अशी पाठ करून कोणी बसत नाही." "एवढ्या रात्री केर काढतात का?" "हे मालवणी नाही, हे मुंबईचं मालवणी." मी घाटावरची, मूळ साताऱ्याची. लग्नानंतर चौदा वर्षं मला मालवणी नुसती कळत होती. बोलायला लागले ती या मालिकेमुळे. सासूबाईंना याचा आनंद झाला असावा, पण मी पहिल्यांदा जे अख्खं मालवणी वाक्य त्यांच्याशी बोलले ते अण्णांच्या घराण्यातलं असल्यामुळे त्यांनी मला आत जाऊन तोंड धुऊन यायला सांगितलं.

मालिका सुरू होऊन आठवडा होतो न होतो तोच कोकणातून तक्रारीचा सूर निघाला. कोकणाची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते, लोक गावी यायला घाबरतील. डब्यात या प्रश्नावर मावशींची पंचाईत झाली. सकाळी त्या तक्रार करणाऱ्यांच्या बाजूने असत. "आमच्या थंय भूतां आसत, पण ती अशी बोंबलत फिरणत नाय." रात्री त्या न चुकता मालिका बघत. मग एक दिवस त्यांनी आरवलीच्या वेतोबाचं सांगितलं. शिरोड्याजवळच्या या देवाला माणसं केळ्यांचे घड देतात आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्या चपला झिजतात अशी तिकडची श्रद्धा. "आमचो वेतोबा चपला घालून डुटीर जाता," मावशी म्हणाल्या, "आणि तुमच्या त्या टीव्हीवाल्या भुताक ना काम, ना धंदो." सगळ्या डब्यात अशी शांतता पसरली की गोरेगावला चढणाऱ्या बायका दचकल्या. वेताळाला नोकरदार म्हणून बघायची आम्हा नोकरदार बायकांना सवय नव्हती. पण पटलं. रात्रपाळी, पायपीट, आणि वर्षाला एक चपलांचा जोड.

लोक गावी यायला घाबरतील ही भीती तर पुरती खोटी ठरली. आकेरीचं ते घर बघायला लोक गाड्या करून जाऊ लागले. मालवणचा किल्ला, तारकर्ली, आणि येताना अण्णांचं घर.

मी मात्र वेगळ्याच विवंचनेत. भूत बोरिवलीत आलं तर राहील कुठे? मुंजाला पिंपळ लागतो. आमच्या सोसायटीचा पिंपळ कंपाउंडच्या भिंतीला धोका म्हणून सर्वसाधारण सभेत ठराव करून काढला. गिऱ्ह्याला खोल पाणी लागतं. आमच्याकडे पाणी सकाळी येतं ते पाऊण तास, त्यात बिचारा गिऱ्हा नुसता भिजेल. ब्रह्मसमंधाला पडका वाडा हवा. इथे घर पडकं दिसलं की तिसऱ्या दिवशी बिल्डर येतो. आणि जागा मिळाली तरी मधल्या पॅसेजमध्ये चपलांचा रॅक, सायकल आणि दोन रिकामे सिलिंडर असताना हडळीने लांब पावलं टाकत यायचं कसं? उपनगरात सुखाने नांदतो तो एकटा चकवा. तो मला अंधेरीला मेट्रोच्या पुलावर दोनदा भेटला. माहेरी घाटकोपरला जायचं म्हणून मेट्रोकडे निघाले आणि उतरले थेट रिक्षांच्या रांगेत. दोष पुलाचा नाही. डोक्यात आदल्या रात्रीचा एपिसोड होता.

पांडूबद्दल सांगितलं नाही तर डबा मला आत घेणार नाही. नाईकांकडचा गडी पांडू. महत्त्वाचं काही विचारलं की तो म्हणायचा, "इसारलंय." सगळ्यांचा लाडका. माझ्या मुलाने तो शब्द गणिताच्या पेपराबद्दल वापरल्यावर माझा लाडका राहिला नाही, ते सोडा. पण पांडूचं काम करणारे प्रल्हाद कुडतरकर हे मालिकेच्या लेखनातही आहेत, हे जेव्हा वांद्रेवालीने कुठून तरी शोधून आणलं तेव्हा आमच्या डोक्यात एकदम उजेड पडला. तीन महिन्यांपूर्वी दाखवलेल्या त्या बाहुलीचं पुढे काय झालं, विहिरीकडे कोण गेलं होतं, अशी आमची मोठी यादी होती. उत्तर लेखकाने पहिल्या आठवड्यातच देऊन ठेवलेलं होतं. इसारलंय.

पहिलं पर्व ऑक्टोबर २०१६ मध्ये संपलं. डिसेंबरमध्ये गोरेगाव आणि जोगेश्वरीच्या मध्ये राम मंदिर नावाचं नवं स्टेशन सुरू झालं. गाडी तिथे थांबू लागली, म्हणजे अंधेरीवालीच्या पदरात दोनेक मिनिटं जास्त पडली. आता भूत गेलेलं आणि वेळ आलेला! ती दोन मिनिटं तिने दोन वर्षं जपून ठेवली. १४ जानेवारी २०१९ ला दुसरं पर्व सुरू झालं आणि तिची सगळी पुंजी शेवंतावर खर्च झाली.

दुसऱ्या पर्वात गोष्ट मागे गेली. अण्णा जिवंत, माधव अभ्यंकरांचे, धोतर-सदऱ्यातले, नजर अशी की टीव्हीसमोर पदर सावरावा. आणि त्यांची प्रेयसी शेवंता, अपूर्वा नेमळेकरची. आता डब्यातली चर्चा भुतांवरून पूर्ण उडाली. डब्याचे दोन पक्ष झाले, माईंचा आणि शेवंताचा. माईंच्या पक्षात बहुमत. पण शेवंताच्या पक्षात कोण कोण आहे ते ओळखणं सोपं होतं, कारण त्या महिन्यात डब्यात अबोलीचे आणि मोगऱ्याचे गजरे एकदम वाढले आणि दारात गजरे विकणारीने भाव दोन रुपयांनी चढवला. अंधेरीवालीने, थोरल्या सुनेने, दत्ताच्या कैवारणीने, एका शुक्रवारी गजरा माळला. कोणी काही बोललं नाही. मावशींनी तिच्याकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं, आणि जोगेश्वरीपर्यंत रामरक्षा म्हटली.

खरं सांगायचं तर मला पहिलं पर्व जास्त आवडलं होतं. अण्णा समोर आल्यावर भीती कमी झाली. जिवंत माणूस किती वाईट असू शकतो हे आपल्याला रोज बघायला मिळतं. मेलेला किती असेल हे कळत नाही, तिथे मजा असते. मतकरी आणि धारपांच्या भयकथा वाचून वाढलेल्यांना हे सांगायला नको.

मग मार्च २०२० आला आणि गाड्याच बंद झाल्या. मालिकेचं चित्रीकरण थांबलं, पुन्हा सुरू झालं, आणि २९ ऑगस्टला दुसरं पर्व संपलं तेव्हा आमच्यासाठी लोकल बंदच होती. शेवट आम्ही आपापल्या घरी बघितला. सोमवारी सकाळी साडेआठला माझ्या तोंडात वाक्य तयार आणि समोर भांड्यांचा ढीग. मी नवऱ्याला विचारलं, "तुला काय वाटतं, शेवंताचं चुकलं का?" तो म्हणाला, "मी बघत नाही." हे माणसाने निदान लॉकडाउनमध्ये म्हणू नये. त्या शेवटाबद्दल आमच्या डब्याचं अधिकृत मत आजतागायत नाही, कारण बैठकच झाली नाही. ऑक्टोबरात बायकांना लोकल मिळाली, पण सकाळी अकरानंतरची. आमची वेळ नव्हे. तिसरं पर्व २०२१ मध्ये आलं आणि आम्ही पुन्हा जमेपर्यंत निम्मं झालं होतं. मास्कमधून संशय घेणं फार कठीण जातं. भुवयांवर किती काम भागवणार?

२०२२ च्या उन्हाळ्यात तिसरं पर्वही संपलेलं होतं. डबा ओकाबोका. मावशी निवृत्तीला आलेल्या, दादरवाली कानात गाणी घालून बसू लागलेली. आणि त्याच मे महिन्यात आमच्या सासरच्या घराची वाटणी निघाली.

कुडाळजवळचं ते घर. पुढे खळं, मग पडवी, माजघर, वर माळा, मागे विहीर आणि फणस. सातबाऱ्यावर सतरा नावं. त्यातली नऊ माणसं वारलेली. वारस नोंद करायला आमच्याकडून कोणी गेलंच नव्हतं, त्यामुळे आजेसासरे १९७४ मध्ये गेले तरी कागदोपत्री माडांचे नारळ अजून त्यांचेच आहेत. मेलेली माणसं घर सोडत नाहीत म्हणतात ती अफवा नव्हे, आमच्यापुरती महसुली नोंद आहे. उरलेले आठ जण बोरिवली, मुलुंड, डोंबिवली, बडोदा अशा ठिकाणांहून रात्रीच्या गाड्यांनी आले आणि एका छपराखाली जमले. पहिल्या रात्री जेवताना मी सभोवार पाहिलं आणि माझ्या अंगावर काटा आला. थोरले चुलतसासरे, दत्तासारखे गप्प. त्यांची सून, सरितेसारखी वाढणारी, म्हणजे आपल्या माणसांना दोनदा आणि आमच्या पानाकडे न बघता. आणि मी, मुंबईहून आलेली, विज्ञान मानणारी.

रात्री दोनला मला पावलं ऐकू आली.

शेजारी नवरा घोरत होता. हाच तो, कायदेवाला. मी पाच मिनिटं वेतोबाला हाक मारली, मग नीलिमेला, आणि शेवटी उठले. पांढरा गाऊन, मोकळे केस, कारण क्लिप अंधारात सापडली नाही. माजघराचं दार लोटलं. आत कोपऱ्यातल्या पेटाऱ्यापाशी एक पांढरी आकृती उकिडवी बसलेली, आणि तिच्या तोंडातून उजेड बाहेर पडत होता.

मी किंचाळले नाही. मला आवाजच फुटला नाही. किंचाळली ती आकृती. तोंडातली बॅटरी खाली पडून लांब घरंगळत गेली आणि अंधारात मुलुंडच्या काकांचा आवाज आला, "आये, हडळ!"

हे सगळं मी जूनच्या पहिल्या सोमवारी डब्यात सांगायला घेतलं. कांदिवलीला दादरवालीने कानातलं काढलं. मालाडला पलीकडच्या बाकावरच्या दोघी अनोळखी बायका तिरक्या होऊन बसल्या. गोरेगावला काकांच्या बनियन-लुंगीचं वर्णन झालं, राम मंदिरला हडळीचं, म्हणजे माझं. मावशी डोळे मिटून ऐकत होत्या, जुन्या गवयाने बैठकीत ऐकावं तशा, आणि मध्येच म्हणाल्या, "पेटाऱ्यात कागद होतो. होय ना?"

"होय," मी म्हटलं. "घरातले सगळे जागे होईपर्यंत त्यांनी तो बनियनमध्ये लपवला होता. पण बनियनला भोक होतं."

जोगेश्वरी गेली. अंधेरीवाली उठली नव्हती. मी तिच्याकडे पाहिलं, तिने हाताने "पुढे, पुढे" अशी खूण केली.

"तर कागद आजेसासऱ्यांच्या हातचा. मोडीत. कोणालाच वाचता येईना. मुलुंडचे काका म्हणतात मृत्युपत्र, थोरले म्हणतात गहाणखत, सासूबाई म्हणतात पत्रिका असेल कोणाची तरी."

"पुढील स्टेशन अंधेरी," वरून बाई म्हणाली. दारात नेहमीची खळबळ सुरू झाली. माझ्या ओळखीत पहिल्यांदा, सहा वर्षांत आणि तीन पर्वांत पहिल्यांदा, अंधेरीवाली बसून राहिली. मी म्हटलं, "अहो, तुमचं स्टेशन!"

"राहू दे. पार्ल्याला उतरून परत येईन," ती म्हणाली आणि पर्स पोटाशी घट्ट धरून पुढे सरकली. मागे गाडी रिकामी होत होती, भरत होती. "मोडी वाचणारा मिळाला की नाही ते आधी सांगा. आणि विहीर कोणाच्या वाट्याला?"